ताप उतरला त्या दिवशी : एका घरातले दोन डेंग्यू

सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला. "मॅडम, हिचा ताप उतरला हो. बाप्पा पावला. उद्या गौरी यायच्यात, म्हटलं बरं झालं, सून उठली." मीही "छान झालं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. या प्रकरणातली माझी दुसरी चूक ती. पहिली शुक्रवारीच करून झाली होती.

ठाण्यात सावरकरनगरला गेली सत्तावीस वर्षं माझा दवाखाना आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा इथे तापाचाच हंगाम. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड आणि नुसताच फ्लू, सगळे एका बाकावर मांडीला मांडी लावून बसलेले असतात. तेव्हा डेंग्यूची एखादी केस बसून लिहून काढावी, असं त्यात काही नवल नाही. ही लिहिते आहे, कारण एका घरात, एका आठवड्यात, बहुधा एकाच डासाच्या कृपेने मायलेक आजारी पडले. ज्याचा ताप १०४ ला टेकत होता तो मुलगा तरून गेला, आणि जिचा ताप चार दिवसांत मुकाट उतरला तिला ॲडमिट करावं लागलं. घरच्यांनी मला पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "हिची इम्युनिटी कमी आहे का?" खरी गोष्ट जवळजवळ उलटी होती.

त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

शुक्रवार ते मंगळवार

घरात चार माणसं. नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, ज्यांना मी काकू म्हणते. सून ३३ वर्षांची, ऐरोलीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, रोज ट्रान्स हार्बरने ये-जा. नवऱ्याला मी तो अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखते, त्यामुळे तिच्याशीही पहिल्या दिवसापासून अगंतुगंच.

मुलगा बुधवारी तापला, ती गुरुवारी. शुक्रवारी दोघं एकत्रच आले. मुलगा लालबुंद, डोळे पाणावलेले, ताप १०३.६. तिचा १०१.८, अंग मोडून आलेलं, कंबर धरलेली, डोळ्यांच्या खोबणीत ठणका. सर्दी-खोकला दोघांनाही नाही. दोघांचं रक्त पाठवलं : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया आणि डेंग्यूचा एनएस-वन. डेंग्यूचा विषाणू आपल्या पेशींत वाढत असताना एक प्रथिन रक्तात सोडत राहतो, ते हे एनएस-वन. पहिल्या दिवसापासून सापडतं, म्हणून सुरुवातीच्या तापात हीच तपासणी सांगतात.

संध्याकाळी रिपोर्ट आले. मुलाचा एनएस-वन पॉझिटिव्ह, तिचा निगेटिव्ह. मलेरिया दोघांचाही नाही. तिच्या पांढऱ्या पेशी ३,४००, प्लेटलेट १ लाख ६२ हजार, पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ३६. मी मुलाची फाइल वर ठेवली, तिची खाली. म्हणाले, "पोराला डेंग्यू आहे, त्याला रोज दाखवायचं. तुझा साधा व्हायरल दिसतोय. पॅरासिटामॉल घे, पाणी पी, आराम कर."

आराम! दुसऱ्या दिवशी गणपती. तिने अंगात ताप असताना उकड काढली, मोदक वळले, आल्यागेल्याचं केलं. ते तिने करायला नको होतं, हे म्हणणं सोपं आहे. आपल्या घरांत त्या दिवशी पडून राहण्याची मुभा कुणाला असते, तेही आपल्याला ठाऊक आहे.

आता मागे वळून बघताना स्वतःचाच राग येतो. एका घरात एकाला डेंग्यू, आणि दुसऱ्याच दिवशी तापलेल्या दुसऱ्याला "साधा व्हायरल"? एवढा योगायोग कुठे असतो का? पांढऱ्या पेशी उतरलेल्या होत्या, सर्दी-खोकला नव्हता, आणि मी एका निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबले. शिवाय प्रत्येक तापाच्या पेशंटला विचारायचा एक प्रश्न मी विचारलाच नाही. तो मंगळवारी विचारला.

रविवारी रात्री तिला दरदरून घाम आला आणि ताप उतरला. सोमवारी मुलाबरोबर तिचंही रक्त पुन्हा तपासलं. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला : प्लेटलेट ७८ हजार, पांढऱ्या पेशी २,६००, पीसीव्ही ४०. प्लेटलेट निम्म्यावर आल्या म्हणून नवरा हबकला. मी समजूत काढली की ७८ हजारांना काही होत नाही. ते खरंच आहे. पण सगळ्यांबरोबर मीही प्लेटलेटच बघत बसले. त्याच कागदावर खाली पीसीव्ही ३६ वरून ४० झालं होतं, तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

सोमवारी रात्री कुणीतरी पपईच्या पानांचा रस आणून दिला. मंगळवारी पहाटेपासून तिला उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटलं, रसाने झालं. या रसावर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. तो कडूजहर असतो, पिऊन उलटी होणारच. आणि डेंग्यूत ताप उतरल्यावर होणाऱ्या उलट्या ही धोक्याची घंटा असते. नेमक्या त्या दिवशी घंटा वाजली तर ती पपईच्या नावावर खपून जाते. इथे चार तास तसेच गेले.

साडेदहाला रिक्षातून आणलं. काकू म्हणत होत्या, "ताप अजिबात नाही हो, अंग गार आहे." अंग गार होतं खरं. हात हातात घेतला तर तळवा थंड आणि ओलसर. नाडी ११२. अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख गुलाबी व्हायला मनात एक, दोन, तीन म्हणावं लागलं. उजव्या बरगडीखाली हात लावला की ती कळवळत होती. सकाळपासून लघवी नाही. रक्तदाब ९८/८०. नवरा म्हणाला, "हिचं बीपी नेहमी लोच असतं." माझी नजर वरच्या आकड्यावर नव्हतीच. वरच्या-खालच्या आकड्यात साधारण चाळीसचं अंतर असतं, ते १८ वर आलं होतं. रक्तवाहिन्यांत पुरेसा द्रव उरलेला नाही आणि शरीर नळ्या आवळून कसाबसा दाब टिकवून धरतंय, असा त्याचा अर्थ. पट्टा सोडला तर कोपराच्या लवणात मोहरीहून बारीक लाल ठिपके उमटलेले, रुपयाएवढ्या जागेत पंधरा-वीस.

तेव्हा विचारलं, "तुला मागे कधी डेंग्यू झाला होता का गं?"

डोळे न उघडताच म्हणाली, "हो. लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात, बदलापूरला. काही विशेष नव्हतं, चार दिवस ताप."

चक्का

हॉस्पिटलात भरती केल्यावर पहिला रिपोर्ट आला : प्लेटलेट ४१ हजार, पीसीव्ही ४५. विषाणूशी लढायला शरीर प्रतिपिंड बनवतं, त्यांतला आधी येणारा आयजीएम जेमतेम पॉझिटिव्ह, मागाहून येणारा आणि टिकणारा आयजीजी मात्र ठसठशीत. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली आणि उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी थोडं पाणी.

व्हरांड्यात काकूंनी मला गाठलं. पीसीव्ही म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशींचे भाग किती, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "मग छत्तिसाचे पंचेचाळीस झाले म्हणजे हिचं रक्त वाढलं ना?"

"काकू, श्रीखंडाला दही टांगता तेव्हा काय होतं?"

"पाणी गळतं, चक्का उरतो."

"चक्का घट्ट झाला म्हणजे दही वाढलं का?"

त्या गप्प झाल्या. नंतर हेच त्यांनी येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला समजावलं, माझ्यापेक्षा चांगलं.

आपल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती फडक्यासारख्याच असतात, पण वीण घट्ट. गंभीर डेंग्यूत ही वीण काही तासांपुरती सैल होते. तांबड्या पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. रक्तातलं पाणी, मीठ आणि प्रथिनं झिरपून पोटात नि फुफ्फुसाच्या आवरणात जातात. पीसीव्ही मुळापासून २० टक्क्यांनी चढलं तर गळती ठळक आहे असं धरतात. इथे ३६ चे ४५, म्हणजे २५ टक्के. डेंग्यूचा माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या गळतीमुळे, आतल्या आत कोरडा पडून. रक्तस्राव होतो, पण बऱ्याचदा त्याच्या मागोमाग.

उपचार ऐकायला फार साधा आहे : सलाईन. कौशल्य आहे ते मापात. वजनावर तासाला किती ते काढायचं, दर थोड्या तासांनी पीसीव्ही, नाडी, लघवी बघायची आणि धार कमी-जास्त करायची. कारण गळती साधारण २४ ते ४८ तास चालते आणि मग आपणहून थांबते, नि बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं. त्या वेळी सलाईन धो-धो चालूच असेल तर तेच पाणी फुफ्फुसात भरतं. कमी दिलं तरी पंचाईत, जास्त दिलं तरी पंचाईत.

बुधवारी प्लेटलेट २२ हजारांवर आल्या आणि घरात पळापळ सुरू झाली. दीर दाते गोळा करू लागला, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी प्लेटलेट चढवल्या नाहीत आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. २० हजारांपर्यंत घसरलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना आगाऊ प्लेटलेट चढवून रक्तस्राव टळत नाही, उलट प्लेटलेट चढवण्याचेच त्रास वाढतात, असं त्यात दिसलं. हिला रक्तस्राव नव्हता. दिराने मात्र माझ्याशी दोन दिवस धड बोलणं केलं नाही.

मुलाच्या अंगात काय झालं

आधी मुलाचं, कारण त्याचं सरळ आहे.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी चावली. कातडीत तैनात असलेल्या पहारेकरी पेशींचं काम असं की आलेला परका पकडायचा आणि काखेतल्या-जांघेतल्या गाठींपर्यंत न्यायचा. डेंग्यूचा विषाणू मोठा लबाड. तो या पहारेकऱ्यांच्याच पोटात शिरून वाढतो आणि त्यांच्याच पायांनी गाठीपर्यंत जातो. पण पेशी विषाणूने बाधली की ती इंटरफेरॉन सोडते. ते शेजारच्या पेशींना बजावतं : दारं लावा, विषाणूला लागणारं सामान बनवणं बंद करा. त्याच्या जोडीला आणखी काही रसायनं मेंदूत पोचून शरीराचं तापमान वर चढवतात. ताप आणि अंग मोडून येणं हा विषाणूचा पराक्रम नसतो, ती आपल्याच बचावाची खूण असते. पुरावा हवा असेल तर, पूर्वी हिपॅटायटिस सी ला इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, आणि त्यांनी माणसाला नुसत्या इंजेक्शनानेच फ्लूसारखी कणकण भरत असे.

ही झाली सगळ्यांवर सारखीच चालणारी पहिली फळी. दुसरी फळी निवडून मारते, म्हणून तिला वेळ लागतो. आपल्या अंगात अगणित बी-पेशी असतात आणि प्रत्येकीकडे वेगळ्या घाटाची पकड, जन्मापासून तयार. ज्या मोजक्या पेशींची पकड या विषाणूला बसते, त्या दिवस-रात्र फुटून वाढतात आणि आपली पकड प्रतिपिंडाच्या रूपाने रक्तात सोडतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम, मागाहून जास्त चिवट आयजीजी. तिकडे टी-पेशी, ज्या पेशींत विषाणू लपलाय त्या पेशीच उडवतात. काम झालं की बहुतेक फौज मरते. थोड्या पेशी मागे राहतात, आठवण म्हणून.

मुलाच्या बाबतीत हे वेळापत्रक बरहुकूम चाललं. सहा दिवस कडक ताप, मंगळवारी उतरला, प्लेटलेट १ लाख १० हजारांच्या खाली गेल्या नाहीत, पीसीव्ही जागचं हललं नाही. बुधवारी त्याने डब्यातल्या करंज्या संपवल्या. आई हॉस्पिटलात असताना तो घरी आजीकडे खेळत होता, हे बघून शेजारी म्हणत, "लहान मुलांची इम्युनिटी चांगली असते."

जुनी किल्ली

गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, हे आपल्या आज्यांना प्रतिपिंड शब्द माहीत नसताना माहीत होतं. गोवराचा विषाणू ओळखीच्या दृष्टीने एकच आहे. डेंग्यू मात्र चार भाऊ आहेत, टाइप १ ते ४. एक येऊन गेला की त्याच्याविरुद्धचं संरक्षण जवळपास जन्मभर टिकतं. बाकीच्या तिघांविरुद्धचं काही महिनेच. मग ते ओसरतं, पण प्रतिपिंड पुरते नाहीसे होत नाहीत, आणि तिथेच घोळ होतो.

बदलापूरला तिला जो झाला त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड तिच्या रक्तात दहा वर्षं होते. या वेळी भाऊ दुसरा आला असणार. चेहरामोहरा तोच, म्हणून जुने प्रतिपिंड त्याला जाऊन चिकटले. पण किल्ली कुलपात गेली तरी फिरली नाही. विषाणू निकामी झाला नाही, नुसता प्रतिपिंडांनी मढवला गेला. आता प्रतिपिंडाला एक शेपूट असतं आणि मॅक्रोफेज जातीच्या भक्षक पेशींना ते शेपूट धरायची सवय असते : प्रतिपिंड चिकटलेली वस्तू दिसली की गिळा. एरवी ही सवय फार मोलाची. पण डेंग्यूच्या विषाणूला वाढायला नेमकी हीच पेशी आवडते. विषाणू मेलेला नाही, आणि आपणच त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. एरवी जितक्या पेशी बाधल्या असत्या त्याच्या कितीतरी पट बाधतात. जुन्या आठवणीतल्या टी-पेशीही थोड्याफार चुकीच्या ओळखीवर धावून येतात आणि रसायनांचा मारा करतात. त्यात एनएस-वन हे प्रथिन स्वतःही रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर खरवडतं. या सगळ्याचा एकत्र परिणाम म्हणजे फडक्याची वीण सैल होणं.

वाचणाऱ्याला हा नुसता तर्क वाटेल. मलाही कॉलेजात असताना वाटला होता. स्कॉट हॉलस्टेड हे अमेरिकन डॉक्टर १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये काम करत होते, तिथली निरीक्षणं वाचली तेव्हा पटलं. तिथे गंभीर डेंग्यू मुख्यतः दोन प्रकारच्या मुलांत दिसे. एक, ज्यांना डेंग्यू दुसऱ्यांदा झालाय अशी मोठी मुलं. दुसरी, वर्षाच्या आतली तान्ही, ज्यांचा हा पहिलाच डेंग्यू. तान्ह्यांना दुसऱ्यांदा कुठून होणार? पण त्यांच्या अंगात आईकडून आलेले प्रतिपिंड होते. जन्मतः ते भरपूर, तेव्हा बाळ सुरक्षित. सहा-आठ महिन्यांत ते इतके उतरतात की विषाणूला चिकटायला पुरतात, मारायला पुरत नाहीत. आईने दिलेली पुंजी नेमकी अर्धवट उरली की उलटते. मला या सगळ्या विषयात यापेक्षा बोलका पुरावा माहीत नाही.

क्युबाने तर न मागता प्रयोगच करून दाखवला. १९७७ मध्ये तिथे टाइप १ ची साथ आली, सौम्य. १९८१ मध्ये टाइप २ आला आणि १५८ माणसं गेली. पुढे १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा या शहरात टाइप २ पुन्हा आला, तेव्हा गंभीर आजारी पडले ते जवळजवळ सगळे प्रौढ, ज्यांनी वीस वर्षांपूर्वीची साथ अंगावर काढली होती. त्यानंतर जन्मलेली मुलं सुटली. म्हणजे दहा वर्षं काय, वीस वर्षांनीही जुनी किल्ली खिशात असतेच. निकाराग्वातल्या मुलांवरचा अभ्यास २०१७ साली आला, त्यातही तेच : प्रतिपिंड अजिबात नसलेल्यांना धोका कमी, भरपूर असलेल्यांना कमी, मधल्या पातळीवाल्यांना सर्वांत जास्त.

आता तिच्या रिपोर्टांकडे परत. शुक्रवारी एनएस-वन निगेटिव्ह का आला? कारण दुसऱ्यांदा होणाऱ्या डेंग्यूत जुने प्रतिपिंड रक्तातल्या एनएस-वनलाही चिकटतात आणि तपासणीला ते मोकळं सापडत नाही. पहिल्यांदा आजारी पडलेल्या मुलात ते झाकायला कुणी नव्हतं. आयजीजी सहाव्याच दिवशी एवढा चढलेला, तोही जुन्या आठवणीचाच. ज्या रिपोर्टवर मी निर्धास्त झाले, तोच खरं तर सांगत होता की हिच्या अंगाला डेंग्यूची ओळख आहे. टाइप कोणता हे तपासलं नाही. दवाखान्याच्या पातळीवर ते कुणी तपासत नाही आणि उपचारही त्याने बदलत नाही.

ताप उतरल्यावरच गळती का, हाही प्रश्न नवऱ्याने विचारला होता. ताप उतरतो तेव्हा रक्तातला विषाणू जवळजवळ संपत आलेला असतो. पण त्याच्यावर तुटून पडलेली फौज तेव्हा पूर्ण जोरात असते. बाधलेल्या पेशी फुटताहेत, रसायनं शिगेला पोचलीत. म्हणजे गळती ही विषाणूच्या जोरापेक्षा आपल्याच प्रतिहल्ल्याच्या जोराने होते. थर्मामीटर त्या दिवशी खोटं बोलत नाही, पण त्याला विचारायचा प्रश्न संपलेला असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधली, ताप खाली येतानाची वेळ हीच पाहायची. पोटात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, विलक्षण मरगळ, लघवी कमी. यातलं एक जरी असलं तरी उठून जायचं, ताप असो वा नसो. आणि डेंग्यूच्या शंकेत अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घ्यायचं नाही, फक्त पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्याकडून "जरा स्ट्राँग" मागून घेणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते.

या अर्धवट किल्लीमुळेच डेंग्यूची लस इतकी रखडली. फिलिपिन्समध्ये २०१६ ला शाळकरी मुलांना एक लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली. २०१७ च्या अखेरीस स्पष्ट झालं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नाही अशा मुलांत ती लसच पहिल्या डेंग्यूचं काम करते, आणि मग खरा पहिला डेंग्यू दुसऱ्यासारखा वागू शकतो. मोहीम थांबली, आणि लोकांचा इतर लशींवरचा विश्वासही तिथे हलला. लस हवी तर चौघांविरुद्ध एकदम आणि पुरेशी हवी. आपल्याकडे अशा एका देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली.

"मग इम्युनिटी वाढवायला काय देऊ?"

डिस्चार्जच्या दिवशी नवऱ्याच्या हातात किवी, ड्रॅगन फ्रूट आणि कसल्याशा "बूस्टर"ची बाटली होती. किवीबद्दल माझी तक्रार नाही, महाग आहे एवढीच. बाटलीबद्दल आहे. इम्युनिटी ही टाकीतल्या पाण्यासारखी असते, पातळी खाली गेली की वरून ओतायची, असं आपल्या डोक्यात कोरोनापासून घट्ट बसलंय. हिच्या टाकीत काही कमी नव्हतं. ओळख होती, पण नेमकी नव्हती, आणि प्रतिकार इतका जोराचा होता की आपल्याच नळ्यांची वीण उसवली. तो बाटलीने "वाढवून" काय साधणार होतं?

महापालिकेचा फवारणीवाला घरी येऊन गेला. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे कुठे घाण आहे?" एडिसला घाण नकोच असते. बाल्कनीत मनी प्लांटच्या बाटलीत आणि मोरीतल्या झाकण नसलेल्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून घासून कोरडं करायचं. घासायचं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

गुरुवारी, गौरी-विसर्जनाच्या दिवशी, तिचं पीसीव्ही ३७ वर आलं, लघवी मोकळी झाली, सलाईन बंद झालं. तळहात-तळपाय खाजायला लागले, पायांवर लाल चट्टे आणि मधेमधे पांढरी बेटं. हे बरं होण्याचं लक्षण. शुक्रवारी प्लेटलेट ६४ हजार असताना घरी सोडलं. तिलाही त्या वाढल्याशिवाय घरी जायचं नव्हतं, समजूत काढावी लागली. दहा दिवसांनी मायलेक दवाखान्यात आले तेव्हा त्या दीड लाखाच्या वर होत्या.

मी लाल शाईने तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं : डेंग्यू, दुसरा. मुलाच्या फाइलवर : डेंग्यू, पहिला. आता सगळ्यांच्याच फाइलवर लिहिते. तिने दोन्ही वाचलं आणि मुलाची फाइल उचलून पुन्हा बघितली.

"म्हणजे पुढच्या वेळी याचं माझ्यासारखं होणार?"

"बहुतेक नाही. दुसऱ्यांदा होतो त्यांतलेही बहुतेक साधेपणीच बरे होतात. तुझं झालं ते थोड्यांचं होतं."

"आणि झालंच तर?"

"ताप आला की फोन कर. आणि उतरला की लगेच दुसरा कर."